अक्षरांच्या वेगाचा ध्यास : शंकर आबाजी भिसे

नंदुरबारच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात सकाळी रांग असते. कुणाला सातबाराचा उतारा हवा असतो, कुणाला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, तर कुणाला परीक्षेचे प्रवेशपत्र. दुकानदार संगणकाची कळ दाबतो, प्रिंटर घरघरतो आणि हजार-दीड हजार अक्षरांचे पान काही सेकंदांत हातात पडते. ही अक्षरे कुठून आली, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र छापील पानावरच्या प्रत्येक अक्षरामागे शिशाचा एक वेगळा तुकडा असे. तो तुकडा वेगाने तयार कसा करायचा, या एका प्रश्नापायी मुंबईच्या एका मराठी माणसाने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म १८६७ मध्ये मुंबईत झाला. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्यांचे खरे शिक्षण झाले ते विज्ञानाच्या मासिकांतून, विशेषतः 'सायंटिफिक अमेरिकन'च्या पानांतून. शाळकरी वयातच त्यांनी घरी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याची खटपट केली. पुढे दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखवले, समविचारी मंडळींना जमवून विज्ञानाचे मंडळ काढले आणि मराठीतून 'विविध कलाप्रकाश' नावाचे नियतकालिकही चालवले. दुसऱ्या बाजूला लहानमोठी उपकरणे जुळवणे सुरूच होते. छेडछाड केल्यास लगेच कळून येईल अशी बाटली आणि उपनगरी गाडीतल्या प्रवाशांना पुढचे स्टेशन दाखवणारा फलक, या त्यांच्या मुंबईतल्या दिवसांतल्या कल्पना.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते किराणा मालामुळे. १८९०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या संशोधकांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांनी रात्री मुंबईतल्या एका बागेत फिरताना त्या यंत्राचा आराखडा मनाशी जुळवला आणि पाठवून दिला. इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस त्यांना मिळाले. साहेबाच्या देशातल्या स्पर्धेत इथला माणूस पहिला आला, याचे त्या काळी मोठे अप्रूप होते. त्यांना लंडनला पाठवण्यासाठी पैसे उभे राहिले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी ओळखपत्र दिले. ते होते दादाभाई नौरोजी यांच्या नावाचे.

दादाभाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. ब्रिटिश संसदेत निवडून जाऊन आलेले, भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे आकडेवारीने मांडणारे हे वृद्ध गृहस्थ भिसे यांचे भांडवलदार झाले. त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ व्यवहार नव्हता. भारतीय माणूस कारकुनी करू शकतो पण यंत्र शोधू शकत नाही, असा समज तेव्हा सर्रास होता आणि भिसे हे त्याला जिवंत उत्तर होते. त्यांनी जाहिरातीसाठी विजेच्या दिव्यांचे फलक तयार केले आणि ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकले. स्वयंपाकघरातली उपकरणे, टेलिफोनचा एक प्रकार, डोकेदुखीवरचे साधन, आपोआप पाणी सोडणारा संडास अशी त्यांची यादी वाढत गेली. पण त्यांचे मन खरे गुंतले ते छपाईत.

त्या गुंतण्याचे कारण समजण्यासाठी जुना छापखाना डोळ्यांसमोर आणावा लागेल. छपाईचा खिळा म्हणजे धातूची छोटी कांडी, तिच्या टोकावर उलटे अक्षर. हा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. नुसते शिसे मऊ असते, छापताना दबते. अँटिमनीमुळे त्याला कठीणपणा येतो आणि थंड होताना ते फारसे आकसत नाही, म्हणून अक्षराच्या कडा धारदार राहतात. कथलामुळे वितळलेला रस साच्यात नीट पसरतो. असे शेकडो खिळे केसच्या खणांत मांडलेले असत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ लावी आणि छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागत. मराठीत जोडाक्षरे आणि मात्रा-वेलांट्यांमुळे खिळ्यांचे प्रकार इंग्रजीच्या कितीतरी पट. बोटांना आणि फुप्फुसांना शिशाचा संपर्क रोजचा. ओतकामाच्या खोलीतली वाफ आणि धूळ शरीरात साचत जाऊन शिशाची विषबाधा होई, आणि हा आजार जगभरच्या छापखान्यांत ओळखीचा होता.

हे काम यंत्राकडे देण्याचे प्रयत्न अमेरिकेत आधीच यशस्वी झाले होते. ओटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चालू झाले. ते अख्खी ओळ एकसंध ओतत असे. टॉलबर्ट लॅन्स्टन यांच्या मोनोटाइपची रचना वेगळी होती. त्याचे दोन भाग. पहिल्या भागात कळफलक, चालक कळ दाबेल तशी कागदाच्या फितीवर भोके पडत. दुसऱ्या भागात ओतयंत्र. फितीतल्या भोकांमधून दाबाखालची हवा जाई आणि कोणत्या अक्षराचा साचा वितळलेल्या धातूसमोर आणायचा हे त्यावरून ठरे. म्हणजे मजकूर आधी भोकांच्या खुणांत बदलायचा, साठवायचा आणि मग दुसऱ्या यंत्राने त्या खुणा वाचून पुन्हा अक्षरे करायची. आजच्या भाषेत सांगायचे तर कळफलक, साठवण आणि प्रिंटर ही तिन्ही जोडयंत्रे इथे एका ओळीत उभी आहेत.

पण या यंत्रात एक अडचण होती. फितीवर भोके भराभर पाडता येत, पण ओतताना खिळा एकेकच निघे. धातू वितळवायचा, साच्यात दाबायचा, थंड होऊ द्यायचा आणि खिळा बाहेर काढायचा, या प्रत्येक पायरीला वेळ लागतोच. मिनिटाला साधारण दीडशे खिळ्यांच्या आसपास वेग अडकून राही. भिसे यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले. एकाच फेरीत अनेक वेगवेगळी अक्षरे ओतणारे यंत्र करायचे, असा त्यांचा विचार होता. या यंत्राला नाव मिळाले 'भिसोटाइप'. पुढे त्याचा वेग मिनिटाला १,२०० खिळे इतका सांगितला जाऊ लागला.

कागदावरची कल्पना आणि चालणारे यंत्र यांत मात्र मोठे अंतर होते. इंग्रजी खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर ठरलेली असे. त्यात इंचाच्या हजाराव्या भागाचाही फरक पडला तर एक अक्षर ठळक, दुसरे पुसट उमटे. एका साच्यात हा नेमकेपणा साधणे कठीण, मग एकाच वेळी अनेक साच्यांत तो राखायचा म्हणजे कसलेले कारागीर, महागडी हत्यारे आणि पुन्हा पुन्हा चुकण्याची मुभा हवी. या सगळ्याला पैसा लागतो. लायनोटाइप आणि मोनोटाइप यांच्या मागे कारखाने, विक्रेते आणि दुरुस्तीची माणसे होती. भिसे यांच्या मागे होते दादाभाई आणि दादाभाईंची पदरमोड.

ती पुरेना, तेव्हा दादाभाईंचे मित्र हेन्री हाइंडमन पुढे आले. हाइंडमन हे ब्रिटनमधल्या समाजवादी चळवळीचे आद्य पुढारी. भांडवलशाहीवर कडाडून टीका करणाऱ्या या माणसाने भिसोटाइपसाठी भांडवल उभे करण्याचे आश्वासन दिले. पैसे आलेच नाहीत. १९०७ मध्ये हा उद्योग गुंडाळावा लागला. त्याच वर्षी थकलेले दादाभाई कायमचे मायदेशी परतले आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस भिसे यांनीही मुंबईची वाट धरली.

गोष्ट इथे संपली असती. पण गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतनजी टाटा मदतीला आले. १९१०च्या सुमारास टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. यंत्रात सुधारणा झाल्या, पेटंटे मिळाली. तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले. कारखाने तोफगोळ्यांच्या कामाला जुंपले गेले आणि छपाईचे नवे यंत्र घडवायला ना माणसे उरली, ना धातू, ना गिऱ्हाईक. सिंडिकेटही थांबले.

युद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेला गेले. तिथे त्यांचे खिळे ओतण्याचे यंत्र एकदाचे बाजाराच्या दाराशी पोहोचले. १९२०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'भिसे आयडियल टाइप कास्टर' या नावाने कंपनी निघाली आणि यंत्रे तयार झाली. वर्तमानपत्रे त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागली. पण मधल्या वीस वर्षांत लायनोटाइप आणि मोनोटाइप छापखान्यांत घट्ट रुजली होती. जुळारी त्यांवर शिकून तयार झाले होते आणि मालकांचे पैसे त्यांत अडकले होते. उशिरा आलेले यंत्र अधिक वेगवान असून भागत नाही, जुने यंत्र काढून टाकण्याचा खर्च भरून निघेल इतके ते सरस असावे लागते. भिसे यांच्या यंत्राला ती जागा मिळाली नाही.

अमेरिकेत त्यांना पैसा मिळवून दिला तो वेगळ्याच शोधाने. 'ॲटोमिडीन' हे आयोडीनचे औषध त्यांनी तयार केले आणि ते तिथे बरेच खपले. आयोडीन जंतुनाशक आहे आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला ते अल्प प्रमाणात लागते, हे खरे. पण त्या काळी एकाच औषधाच्या माथी अनेक आजारांवरचे गुण मारले जात आणि आजच्यासारख्या काटेकोर चाचण्या नव्हत्या. जादा आयोडीनमुळे थायरॉइडचे काम बिघडूही शकते, म्हणून आज असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुणी घेऊ नये. याच वर्षांत भिसे यांनी आत्म्यांचे निरोप टिपण्यासाठी एक 'स्पिरिट टाइपरायटर'ही तयार केला. शिशाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणारा हा माणूस परलोकाच्या कळफलकावरही विश्वास ठेवत होता. त्या पिढीतल्या अनेक शिकल्यासवरलेल्या माणसांत हे दोन्ही एकत्र नांदत असे.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध सांगितले जातात. त्यांतला एकही आज घरोघरी त्यांच्या नावाने ओळखला जात नाही.

त्यांनी ज्या वाटेवर घाम गाळला ती वाट मात्र बंद पडली नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत 'अल्टेअर ८८००' हा घरगुती संगणक आला तेव्हा त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता, होते ते फक्त खटके आणि दिवे. ज्यांना परवडे ते त्याला टेलिटाइप जोडत. त्यात कळफलक होता, कागदावर छापणारे यंत्र होते आणि भोके पाडायची कागदी फीतही होती. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी या संगणकासाठी लिहिलेली बेसिक ही संगणकभाषा ग्राहकांना मिळाली तीही अशाच भोकांच्या फितीवर. मोनोटाइपच्या जमान्यातली युक्ती घरगुती संगणकाच्या बारशाला हजर होती.

मराठी अक्षरांना संगणकावर जागा मिळायला आणखी काही वर्षे लागली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'जिस्ट' कार्ड उपलब्ध करून दिले. हे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्रावर देवनागरी उमटू लागे. त्याआधीचे संशोधन कानपूरच्या आयआयटीत झाले होते. तिथे एका माणसाच्या पदरमोडीवर काम उभे नव्हते. प्रयोगशाळा होती, पगारी अभियंते होते, सार्वजनिक पैसा होता आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करायला वेळ होता.

भिसे यांच्याकडे कल्पनांची वाण नव्हती. वाण होती ती या गोष्टींची. वयोवृद्ध दादाभाई, रतनजी टाटा, गोखले यांनी आपापल्या परीने ती भरून काढण्याचा प्रयत्न केला, पण व्यक्तीचे औदार्य संस्थेची जागा घेऊ शकत नाही. नंदुरबारच्या, धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या शाळेतही जुना रेडिओ उघडून बसणारी, मोटारीला पंखा जोडून पाहणारी मुले असतात. रात्री बागेत फिरताना यंत्र सुचण्यासाठी डोके लागते. ते यंत्र दुकानात पोहोचण्यासाठी कार्यशाळा, शिकवणारा कारागीर आणि चुका सोसणारे कुणीतरी लागते. झेरॉक्सच्या दुकानातून काही सेकंदांत बाहेर पडणाऱ्या त्या पानामागे हे सगळे आहे.