जॉक स्टाइन : कोळशाच्या खाणीतून लिस्बनपर्यंत

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एखाद्याला त्याचा आवडता फुटबॉल संघ विचारणे म्हणजे पुष्कळदा त्याचा पंथ विचारण्यासारखेच असे. सेल्टिक हा कॅथलिकांचा संघ आणि रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा, अशी वाटणी तेथे पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. अशा शहरात एका प्रॉटेस्टंट खाणकामगाराने कॅथलिकांच्या जिवाभावाच्या संघाचे नेतृत्व केले आणि त्या संघाला त्याच्या इतिहासातील सर्वोच्च सन्मान मिळवून दिला. त्या जॉक स्टाइन यांचा जीवनप्रवास आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टाइन यांचे मोठेपण समजण्यासाठी आधी सेल्टिकचा जन्म समजून घ्यावा लागेल. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील भीषण दुष्काळानंतर हजारो कॅथलिक कुटुंबे पोटासाठी ग्लासगोत आली. शहराच्या पूर्व भागात ती दाटीवाटीने राहू लागली. मुलांना दोन वेळचे अन्न मिळणेही कठीण होते. त्या वस्तीत मारिस्ट बंधूसंघाचे ब्रदर वॉलफ्रिड शिक्षणकार्य करीत होते. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स असून त्यांचा जन्म १८४० साली आयर्लंडमध्ये झाला होता. उपाशी मुलांच्या जेवणासाठी निधी उभारावा, या हेतूने ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक संघाची स्थापना झाली. म्हणजे हा संघ जन्मला तो गरिबांच्या ताटात घास पडावा म्हणून. पुढे तो कॅथलिकांचा म्हणून ओळखला गेला, तरी संघात कोणी खेळावे याला पंथाची अट नव्हती.

जॉक स्टाइन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनार्कशायर परगण्यातील बर्नबँक येथे झाला. घर प्रॉटेस्टंट, वस्ती खाणकामगारांची. वडीलही खाणीत काम करीत. किशोरवयातच जॉक कोळशाच्या खाणीत उतरले आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी जमिनीखाली घाम गाळला. खाणीतल्या काळोखात शेजारचा माणूस कोणत्या चर्चला जातो हे कोणी विचारीत नाही. छत कोसळू लागले तर तोच आपला हात धरून ओढणार, एवढेच ठाऊक असते. हा धडा स्टाइन जन्मभर विसरले नाहीत. खाणकामगारांइतकी चांगली माणसे आपण पुढे कोठेही पाहिली नाहीत, असे ते आवर्जून सांगत.

आठवडाभर खाण आणि शनिवारी फुटबॉल, असा त्यांचा क्रम होता. १९४२ पासून ते अल्बियन रोव्हर्स या छोट्या संघाकडून बचावफळीत खेळू लागले. १९५० साली वेल्समधील लानेली या संघाने त्यांना पूर्णवेळ खेळाडू म्हणून नेले आणि खाण सुटली. परंतु स्कॉटलंडमधील त्यांच्या घरी घरफोडी झाली आणि जॉक परतण्याचा, पुन्हा खाणीत उतरण्याचा विचार करू लागले. त्याच सुमारास, डिसेंबर १९५१ मध्ये, सेल्टिकने केवळ १,२०० पौंड मोजून त्यांना घेतले. राखीव संघातील तरुणांना एका अनुभवी माणसाची सोबत मिळावी, एवढीच संघाची अपेक्षा होती.

ह्या साध्या व्यवहाराची किंमत मात्र स्टाइन यांना वेगळ्या नाण्यात चुकवावी लागली. प्रॉटेस्टंट घरातील मुलगा सेल्टिकचा हिरवा-पांढरा सदरा घालतो, हे त्यांच्या गावातील काही जणांना सहन झाले नाही. बालपणीच्या काही मित्रांनी त्यांच्याशी संबंध तोडले. ज्यांच्याबरोबर लहानाचे मोठे झालो, त्यांनी रस्त्यात तोंड फिरवावे, हे दुःख थोडे नव्हे. तरी स्टाइन यांनी संघ सोडला नाही, आणि आपला पंथही सोडला नाही.

मुख्य संघातील बचावपटू जखमी झाले आणि राखीव म्हणून आलेल्या स्टाइन यांना संधी मिळाली. पाहता पाहता ते कर्णधार झाले. १९५३ साली सेल्टिकने ब्रिटनच्या नामवंत संघांना मागे टाकून कोरोनेशन कप जिंकला आणि १९५४ साली लीग व स्कॉटिश कप अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. पुढे घोट्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ संपला. १९५७ साली ते निवृत्त झाले. संघाने त्यांच्याकडे राखीव संघाच्या प्रशिक्षणाचे काम सोपवले. त्या कोवळ्या मुलांत बिली मॅकनील हा तरुणही होता, जो दहा वर्षांनी लिस्बनमध्ये कर्णधार म्हणून चषक उंचावणार होता.

१९६० साली स्टाइन डनफर्मलिन संघाचे व्यवस्थापक झाले. तो संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. स्टाइन आले आणि पहिले सहाही सामने जिंकून संघ तरला. पुढच्याच वर्षी या संघाने स्कॉटिश कपच्या अंतिम फेरीत खुद्द सेल्टिकला हरवले. त्यानंतर काही काळ त्यांनी एडिंबरा येथील हिबर्नियन संघ सांभाळला. तोही १८७५ साली आयरिश कॅथलिकांनीच स्थापलेला. मार्च १९६५ मध्ये सेल्टिकने त्यांना परत बोलावले. संघाच्या इतिहासातील ते चौथे व्यवस्थापक आणि पहिलेच अकॅथलिक. आठ वर्षे कोणतेही मोठे विजेतेपद न पाहिलेल्या त्या संघाने अवघ्या काही आठवड्यांत स्कॉटिश कप जिंकला.

मग आले १९६६-६७ चे वर्ष. त्या मोसमात सेल्टिकने ज्या ज्या स्पर्धेत भाग घेतला, ती प्रत्येक जिंकली. त्यांत सर्वांत मोठी होती युरोपियन कप, म्हणजे युरोपातील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या संघांची स्पर्धा. झुरिक आणि नान्त यांना नमवून सेल्टिक पुढे गेला. युगोस्लाव्हियाच्या व्होय्वोदिना संघाशी पहिला सामना हरल्यानंतर ग्लासगोतील परतीच्या सामन्यात मॅकनील यांनी अगदी शेवटच्या क्षणी डोक्याने गोल केला आणि संघ वाचला. त्यानंतर प्रागच्या दुक्ला संघाला बाजूला सारून स्टाइन यांची मुले अंतिम फेरीत पोहोचली.

अंतिम सामना २५ मे १९६७ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे झाला. पदुआच्या संत अँथनी यांचे जन्मस्थान म्हणून हे शहर आपल्या भाविकांना परिचित आहेच. योगायोग असा, की तो दिवस कॉर्पस क्रिस्टीचा, म्हणजे ख्रिस्तशरीराचा सण होता. ग्लासगोहून आलेल्या अनेक कॅथलिक चाहत्यांनी आधी लिस्बनच्या चर्चमध्ये मिस्सात भाग घेतला आणि मग मैदानाची वाट धरली. समोर इटलीचा इंटर मिलान संघ होता. १९६४ आणि १९६५ या दोन्ही वर्षी त्याने हा चषक जिंकला होता. एक गोल करावा आणि मग सारा संघ बचावासाठी मागे उभा करावा, ही त्यांची ख्यात असलेली रीत. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर मिलानने गोल केला. परंतु सेल्टिकचे खेळाडू डगमगले नाहीत. लाटेमागून लाट यावी तसे त्यांचे हल्ले होत राहिले. ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेल यांनी बरोबरी साधली आणि सामना संपण्यास थोडा वेळ असताना स्टीव्ही चामर्स यांनी विजयी गोल केला. युरोपियन कप जिंकणारा सेल्टिक हा ब्रिटनमधील पहिला संघ ठरला.

त्या विजयात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. लिस्बनमध्ये खेळलेले अकराही खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून सुमारे तीस मैलांच्या परिघात जन्मलेले होते. विली वॉलेस यांच्यासाठी संघाने १९६६ साली सुमारे ३०,००० पौंड मोजले होते, परंतु बहुतेक खेळाडू घरच्याच अंगणात वाढलेले. आज युरोपातील संघ एकेका खेळाडूसाठी कोट्यवधी पौंड ओततात आणि पात्रता फेरीतच गारद झाले की चाहते खरेदी-विक्रीचा हिशेब मांडत बसतात. स्टाइन यांनी शेजारची पोरे घेऊन युरोप जिंकला.

त्या अकरा जणांत कॅथलिकही होते आणि प्रॉटेस्टंटही. रेंजर्सने त्या काळी कॅथलिक खेळाडू न घेण्याचा अलिखित नियम पाळला होता. याविषयी स्टाइन मिश्किलपणे सांगत, की सारख्याच गुणवत्तेचे दोन खेळाडू समोर असतील, तर आपण आधी प्रॉटेस्टंट खेळाडू घेऊ. कारण उरलेल्या कॅथलिकाला रेंजर्स काही घेणार नाही! विनोदाच्या आवरणाखाली त्यांनी भेदभावाचा मूर्खपणा नेमका दाखवला होता. रेंजर्सप्रेमी घरातील केनी डॅल्ग्लिश हा किशोर १९६७ साली सेल्टिकमध्ये आला आणि जगातील उत्तम खेळाडूंपैकी एक झाला.

द्वेष केवळ समोरच्या बाजूलाच असतो, असे स्टाइन यांनी कधी मानले नाही. १९७२ साली स्टर्लिंग येथील सामन्यात सेल्टिकचेच काही समर्थक चिथावणीखोर गाणी म्हणू लागले. तेव्हा स्टाइन स्वतः प्रेक्षकांत शिरले आणि त्यांनी त्या लोकांना खडसावले. परक्यांचे दोष दाखवणारे पुष्कळ असतात. आपल्याच माणसांना त्यांच्या तोंडावर थांबवणारा विरळा. त्याआधी २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकशी झालेल्या सामन्याच्या अखेरीस जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी जखमींच्या मदतीसाठी धावलेल्यांत स्टाइनही होते. मृत्यूच्या त्या जिन्यावर हिरवा आणि निळा हा भेद उरला नव्हता.

१९६६ ते १९७४ अशी सलग नऊ वर्षे सेल्टिकने लीग जिंकली. १९७० साली संघ पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम फेरीत गेला, पण मिलान येथे हॉलंडच्या फेयेनोर्ड संघाकडून जादा वेळेत हरला. १९७५ साली मोटार अपघातात स्टाइन गंभीर जखमी झाले आणि त्यातून बरे होण्यास त्यांना दीर्घ काळ लागला. १९७७ च्या ऑगस्टमध्ये डॅल्ग्लिश ४,४०,००० पौंडांना इंग्लंडच्या लिव्हरपूल संघाकडे गेले. त्यांनी राहावे म्हणून स्टाइन यांनी मनधरणी केली, पण ती व्यर्थ गेली. पुढच्या मोसमात सेल्टिक पाचव्या स्थानावर घसरला आणि १९७८ साली स्टाइन यांनी व्यवस्थापकपद सोडले.

चरित्र लिहिताना केवळ उजळ बाजू मांडणे योग्य नव्हे. सेल्टिक बॉईज क्लबशी संबंधित काही व्यक्तींना मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल न्यायालयांनी पुढे शिक्षा दिल्या. त्या काळातील जबाबदार मंडळींनी, त्यांत स्टाइन यांनीही, याविषयी वेळीच पुरेसे केले का, हा प्रश्न स्कॉटलंडमध्ये आजही विचारला जातो. पीडितांची वेदना कोणत्याही चषकाच्या झळाळीखाली झाकता येत नाही. ख्रिस्तसभेलाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागला आहे, हे आपण जाणतो.

ऑक्टोबर १९७८ मध्ये स्टाइन स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक झाले. येथे यश सहज आले नाही. १९८० आणि १९८४ या दोन्ही युरोपीय स्पर्धांची पात्रता संघाला गाठता आली नाही. १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात संघ खेळला, पण पहिल्या फेरीपलीकडे गेला नाही. मग आली १९८६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. १० सप्टेंबर १९८५ रोजी वेल्सची राजधानी कार्डिफ येथील निनियन पार्क मैदानावर स्कॉटलंडला किमान बरोबरी हवी होती. मार्क ह्यूज यांनी वेल्सला आघाडी मिळवून दिली. घड्याळ पुढे सरकत होते. अखेरच्या दहा मिनिटांच्या सुमारास डेव्ही कूपर यांनी पेनल्टीवर गोल केला. सामना बरोबरीत सुटणार हे दिसत असतानाच स्टाइन मैदानाच्या कडेला कोसळले. स्टेडियममधील वैद्यकीय खोलीतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय होते अवघे ६२. बाहेर स्कॉटिश प्रेक्षक आनंद साजरा करीत होते; बातमी पसरली आणि मैदान स्तब्ध झाले. त्यांचे सहायक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी पुढे संघाला मेक्सिकोतील विश्वचषकापर्यंत नेले.

स्टाइन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९८९ साली, रेंजर्सने मो जॉन्स्टन या सेल्टिकच्या माजी कॅथलिक खेळाडूला करारबद्ध केले. दोन्ही बाजूंच्या काही चाहत्यांनी संताप व्यक्त केला, परंतु भिंतीला तडा गेला तो गेलाच. ज्या दरवाजावर स्टाइन आयुष्यभर आपल्या वागण्याने थाप मारीत राहिले, तो अखेर उघडला.

सेल्टिकच्या मैदानाबाहेर आज ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळा आहे आणि जॉक स्टाइन यांचाही. एक कॅथलिक बंधू, दुसरा प्रॉटेस्टंट खाणकामगार. एकाने भुकेल्या मुलांसाठी संघ उभा केला, दुसऱ्याने शेजारच्या मुलांना घेऊन तो जगापुढे नेला. भले समरितानी कोण, हे प्रभू येशूने आपल्याला पंथ विचारून सांगितले नाही. वाटेवर कोण थांबला, एवढेच सांगितले. आपल्या धर्मग्रामांतील तरुण खेळाच्या मैदानावर उतरतील, तेव्हा समोरच्या संघातही आपला शेजारीच उभा आहे, ही जाणीव त्यांनी सोबत न्यावी, अशी आमची प्रार्थना आहे.