माणूस मोजण्याआधी : मालवणचे डॉ. घुर्ये

संशोधक प्रश्नावली घेऊन दारात येतो, तेव्हा समोरच्या माणसाचे हित कोणी जपायचे? आज हे काम नीतिमत्ता समित्यांकडे असते. अशा समित्या नव्हत्या, त्या काळात भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी करणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे जीवन या प्रश्नावर बरेच काही शिकवून जाते.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. मुंबईत संस्कृतचे उच्च शिक्षण घेतलेल्या या तरुणाचे गुण पॅट्रिक गेडिस यांनी हेरले आणि घुर्ये इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये त्यांना डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे गुरू लाभले. रिव्हर्स यांनी निलगिरीतील तोडा समाजाचा अभ्यास केला होता. त्यांना धार्मिक गुपिते सांगणाऱ्या काही तोडांच्या घरी आजारपण व मृत्यू ओढवले आणि हा देवांचा कोप असल्याचे तोडा मानू लागले. ही नोंद खुद्द रिव्हर्स यांनीच १९०६ च्या ग्रंथात केली आहे. संशोधक परत जातो. झळ मात्र मागे राहिलेल्यांना सोसावी लागते.

१९२४ मध्ये घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जात व वंशावरील ग्रंथात घुर्ये यांनी तीच मापे तपासली. उत्तर हिंदुस्थानचा काही भाग वगळता हा सिद्धांत टिकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. १९३८ मध्ये त्यांनी मुंबईच्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक जीवनावर निबंध लिहिला. अमेरिकेतील किन्से यांचा गाजलेला अहवाल त्यानंतर दहा वर्षांनी आला. अशा अभ्यासात माहिती देणाऱ्याचे नाव फुटले, तर त्याची अब्रूच पणाला लागते.

मात्र १९४३ मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवताना त्यांनी तेच भान ठेवले, असे म्हणता येत नाही. व्हेरियर एल्विन यांच्याशी झालेला त्यांचा वाद गाजला. पण आदिवासी स्वतःला काय मानतात, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला. रिस्ले यांना जाब विचारणाऱ्या विद्वानालाही जाब विचारणारे कोणी हवे होते.

इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई असे शिष्य घडवून घुर्ये १९५९ मध्ये निवृत्त झाले. २८ डिसेंबर १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २००० मध्ये, त्यांच्याच कर्मभूमीत, मुंबईतील 'सेहत' संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. समजून-उमजून दिलेली संमती आणि गोपनीयता हा त्यांचा गाभा आहे. संशोधक कितीही मोठा असो, ज्याच्याविषयी लिहायचे त्याला आधी विचारायला हवे, हाच त्याचा अर्थ.