न थांबणाऱ्या प्रोग्रामचा जनक

ज्याने वेब प्रोजेक्ट केलंय त्याला हे चक्र तोंडपाठ असतं. एक ओळ बदला, कंपाइल करा, सर्व्हर बंद करा, चालू करा, पुन्हा लॉगिन करा, आणि मग कळतं की अजून एक ओळ बदलायची राहिलीय! सबमिशनच्या आठवड्यात कितीतरी रात्री या वाट बघण्यातच जातात. फ्रेमवर्कमध्ये स्क्रिप्टिंग भाषा बसवली आणि नवा कोड चालू सर्व्हरमध्येच भरता आला, तर हा त्रास संपतो. पण ही युक्ती आजकालची नाही. तिचं मूळ शोधत गेलं की आपण जॉन मॅकार्थी या माणसापाशी पोहोचतो.

मॅकार्थींचा जन्म ४ सप्टेंबर १९२७ चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. वडील आयर्लंडहून आलेले, आई लिथुआनियाची ज्यू. महामंदीच्या काळात घराची ओढाताण झाली आणि कुटुंब शेवटी लॉस एंजेलिसला स्थिरावलं. शाळेत असतानाच त्यांनी कॅलटेकची गणिताची पुस्तकं मिळवून स्वतःच अभ्यास केला. त्यामुळे कॅलटेकला प्रवेश घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांचं गणित त्यांना माफ झालं. पण पी.टी.च्या तासाला दांड्या मारल्या म्हणून त्याच कॅलटेकने त्यांना काढलंसुद्धा! मग सैन्यात काही काळ काढून ते परतले, १९४८ मध्ये पदवीधर झाले आणि १९५१ मध्ये प्रिन्स्टनहून गणितात पीएच.डी. घेतली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नावही त्यांचंच. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथला भरलेल्या परिषदेसाठी त्यांनी ते वापरलं.

१९५८ मध्ये ते एम.आय.टी.त आले. तेव्हा प्रोग्राम म्हणजे पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो खिडकीत द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायचा. एक चूक निघाली की पुन्हा रांगेत! मशीन महाग होतं, त्यामुळे माणसाने थांबायचं असाच नियम होता. मॅकार्थींना हे पटत नव्हतं. १९५९ मध्ये त्यांनी टाइम-शेअरिंगचा प्रस्ताव लिहिला. एकच मशीन क्षणाक्षणाने अनेकांना वाटून द्यायचं, म्हणजे प्रत्येकाला टर्मिनलवर बसून लगेच उत्तर मिळेल.

त्याच काळात त्यांची लिस्प ही भाषा तयार होत होती. तिच्यात प्रोग्राम आणि डेटा दोन्ही एकाच रूपात, म्हणजे यादीच्या रूपात असतात. मग एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम वाचावा, बदलावा, लगेच चालवावा, यात अडचण कुठली? हे काम करणारं 'इव्हॅल' हे फंक्शन मॅकार्थींनी निव्वळ सिद्धांत म्हणून कागदावर मांडलं होतं. स्टीव्ह रसेल या विशीतल्या मुलाच्या लक्षात आलं की हे खरंच मशीनवर चालवता येईल. त्याने ते हाताने आय.बी.एम. ७०४ च्या मशीन कोडमध्ये उतरवलं आणि लिस्पचा इंटरप्रिटर तयार झाला! गुरूंनी कागदावर ठेवलेलं आपल्याच वयाच्या मुलाने चालवून दाखवलं, हे मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त आवडतं.

याचा उपयोग काय? सेवाग्रामला सूत कातताना बघा. धागा तुटला म्हणून कोणी चरखा सुटा करत नाही. तुटलेलं टोक पेळूला जोडायचं आणि चाक फिरवायचं. चातीवरचं आधीचं सूत तसंच राहतं. लिस्पमध्येही फंक्शनच्या नावाला नवी व्याख्या द्यायची. पुढच्या हाकेला नवा कोड धावतो, मेमरीतला डेटा जागेवरच असतो. मे १९९९ मध्ये 'डीप स्पेस १' या नासाच्या यानावर लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम अडकला. यान कोट्यवधी किलोमीटर दूर, पण प्रोग्राम चालू असतानाच त्याच्याशी बोलायची सोय होती. त्यामुळे इंजिनिअरांना पृथ्वीवरूनच दोष शोधून मार्ग काढता आला.

आपल्या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये ग्रूव्ही बसवली की तत्त्व हेच. फाइल कधी बदलली ते फ्रेमवर्क तपासतं, बदलली असेल तर स्क्रिप्ट पुन्हा वाचतं आणि पुढची रिक्वेस्ट नव्या कोडकडे पाठवतं. मात्र तीन पथ्यं पाळायलाच हवीत. नवी स्क्रिप्ट कंपाइल झाली नाही तर जुनीच चालू ठेवायची. मेमरीतला जुना डेटा नव्या कोडला समजेल ना, हे बघायचं. आणि युजरने फॉर्ममध्ये टाइप केलेलं काहीही स्क्रिप्ट म्हणून कधीच चालवायचं नाही. नाहीतर सर्व्हरच्या किल्ल्याच परक्याच्या हाती!

१९६२ मध्ये मॅकार्थी स्टॅनफर्डला गेले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. १९७१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, १९८८ मध्ये क्योटो पुरस्कार मिळाला. २४ ऑक्टोबर २०११ रोजी, ८४ व्या वर्षी ते गेले. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्स गेले, सी भाषेचे डेनिस रिची गेले. जॉब्सची बातमी घरोघरी पोहोचली, मॅकार्थींची फार थोड्यांना कळली.

ज्युनिअर्सना एवढंच सांगेन. माणसाचा वेळ मशीनच्या वेळेपेक्षा मोलाचा आहे, हे मॅकार्थींनी मशीन सोन्याच्या भावात असताना ओळखलं. आज लॅबमधला साधा पीसीसुद्धा त्या ७०४ पेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. तरीही आपण त्याची वाट बघत बसत असू, तर प्रोजेक्टचं पहिलं काम तेच असायला हवं... ती वाट बघणं संपवायचं!