प्लेगची वार्ता देणारे नगरपिता

गोव्याच्या बारदेश तालुक्यात हडफडे नावाचे एक गाव आहे. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. तो १९६१ साली संपला. या हडफडे गावी १ एप्रिल १८५६ रोजी अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म झाला. गावातील शाळेत आरंभीचे शिक्षण झाल्यावर अकासिओ मुंबईस आले. त्या दिवसांत गोव्यातील कित्येक कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी वा चाकरीसाठी मुंबईची वाट धरीत. मुंबईच्या सेंट मेरीज शाळेत त्यांनी अभ्यास केला व १८७४ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेऊन १८८० साली त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली.

पदवीधर डॉक्टरास त्या काळी मान होता, आणि पैसाही होता. श्रीमंतांच्या वस्तीत दवाखाना थाटून सुखाने कालक्रमणा करणे त्यांस अवघड नव्हते. परंतु व्हिएगस यांनी आपला व्यवसाय मांडवी भागात सुरू केला.

मांडवी म्हणजे त्या वेळच्या मुंबईचे कोठारच होते. शेजारी बंदर, बंदरात गलबते व आगबोटी, आणि गोदीतून उतरलेला माल साठविण्यासाठी धान्याच्या वखारी. खाली वखार, वर माणसांची दाटी, असे कित्येक इमारतींचे रूप होते. चार चार मजल्यांच्या चाळींतील खोल्यांत दिवसाही अंधार असे. गटारे तुंबत, गल्ल्यांत कचरा साचे, आणि पोत्यांतील धान्यावर उंदीर पोसत. येथे हमाल राहत, गाडीवान राहत, व्यापाऱ्यांची दुकानेही येथेच होती. अशा वस्तीत जो डॉक्टर जिने चढून रोग्याच्या अंथरुणापाशी जातो, त्याला केवळ रोग कळत नाहीत. रोग कोठून येतात हेही कळते. नळाला पाणी का नाही, मोरी कोठे फुटली आहे, कोणत्या चाळीत वारा शिरत नाही, हे सारे त्याच्या नित्य पाहण्यातील होऊन जाते.

यातूनच व्हिएगस यांचे लक्ष म्युनिसिपालिटीकडे वळले असल्यास नवल नाही. १८८८ साली मुंबईच्या कॉर्पोरेशनसाठी नवा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे कॉर्पोरेशनचे ७२ सभासद असत. त्यांपैकी ३६ सभासद शहराच्या निरनिराळ्या विभागांतील करदात्यांनी निवडून द्यावयाचे होते. ज्याच्या नावे ठराविक कर भरला जाई त्यालाच मत असे. सर्वांना मताचा अधिकार मिळण्यास अद्याप पुष्कळ अवधी होता. अशा सभासदास लोक आदराने नगरपिता म्हणत. त्याच वर्षी डॉ. व्हिएगस निवडणुकीस उभे राहिले व निवडून आले. पुढे बारा सभासदांच्या स्थायी समितीतही त्यांनी काम केले. शहराच्या पैशाचा व कारभाराचा विचार प्रथम या समितीत होत असे.

नगरपित्याचे काम दुहेरी असते. सभेत बसून ठरावांवर मत देणे हा त्याचा एक भाग झाला. लोकांच्या अडचणी सभेपुढे मांडणे आणि शहरावर आलेली आपत्ती लोकांस वेळेवर कळविणे हा दुसरा भाग होय, आणि अनेकदा हाच अधिक कठीण ठरतो. डॉ. व्हिएगस यांच्यापुढे हा कठीण भाग १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात येऊन उभा राहिला.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी व त्या लगतच्या नौरोजी हिल भागात एक विचित्र ताप आढळू लागला. रोग्यास एकाएकी तीव्र ताप भरे, त्याची शुद्ध हरपे, आणि जांघेत अथवा काखेत वेदना देणारी गाठ उठे. चार दोन दिवसांतच पुष्कळांचा अंत होई. वखारींच्या आसपास मेलेले उंदीर पडलेले दिसत. डॉ. व्हिएगस यांनी असे रोगी स्वतः तपासले. ज्वर, गाठ, त्वरित येणारा मृत्यू ही सारी लक्षणे ताडून त्यांनी निदान केले की, हा नेहमीचा हिवताप नव्हे. हा गाठीचा प्लेग आहे.

मुंबईत त्या पिढीतील डॉक्टरांनी प्लेग पाहिलेला नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग बंदरात ही साथ उसळली होती, आणि यर्सिन व किटासाटो या दोन शास्त्रज्ञांनी तेथे त्या रोगाचे जंतू शोधून काढले होते. हाँगकाँगशी मुंबईचा व्यापार चाले. तेव्हा रोग जलमार्गाने बंदरात आला असावा असा तर्क करण्यास जागा होती.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. व्हिएगस यांनी स्थायी समितीच्या सभेत मांडवीत प्लेग आल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले.

एवढे सांगण्यास धैर्य कशाला हवे, असे एखाद्याला वाटेल. पण त्या एका शब्दाचे परिणाम केवढे होते ते पाहा. मुंबईचे वैभव बंदरावर उभे होते. प्लेग हा शब्द बाहेर फुटताच परदेशांतील बंदरे मुंबईच्या बोटी अडविणार, मालाचा उठाव थांबणार आणि गिरण्यांचे मजूर गावी पळणार, हे व्यापाऱ्यांस दिसत होते. शहरातील मैला साफ करणारे हलालखोर घाबरून निघून गेले तर शहरात राहणेच अशक्य होईल, ही अधिकाऱ्यांची चिंता होती. शिवाय निदान चुकीचे ठरले असते, तर शहरात नाहक घबराट पसरविल्याचा दोष डॉ. व्हिएगस यांच्या माथी बसला असता. आरंभी हा प्लेगच असे म्हणण्यास सर्वजण तयार नव्हते; गाठीचा ताप अशी सौम्य नावेही वापरली जात होती. नाव सौम्य केले म्हणून रोग सौम्य होत नाही, हे डॉ. व्हिएगस जाणून होते. ते आपल्या निदानापासून ढळले नाहीत.

मग इतर तज्ज्ञांकडून तपास करविण्यात आला. त्यांनीही डॉ. व्हिएगस यांचे निदान खरे ठरविले. ऑक्टोबर महिन्यात वाल्डेमार हाफकीन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईत आले. पटकीवरील लस त्यांनी पूर्वीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अगदी तोकड्या जागेत, मोजक्या नोकरांच्या साहाय्याने, ते रात्रंदिवस खपू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

इकडे शहरात सफाईची धांदल उडाली होती. घरांच्या भिंतींना चुना फासला जाई, गटारांत जंतुनाशक औषधे ओतली जात, कचऱ्याचे ढीग उपसले जात. घाणेरड्या वस्त्या साफ करा आणि उंदरांचा नाश करा, असा आग्रह डॉ. व्हिएगस यांनी धरला. हा आग्रह किती योग्य होता ते पुढे कळले. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसांत पसरतो, हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली दाखविले, आणि जगाने ते मान्य करण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत नुसत्या घाणीलाच रोगाचे मूळ समजत असत. त्यामुळे असेही घडे की, गटारे धुतली म्हणजे तेथील उंदीर शेजारच्या गल्लीत पळत आणि रोगही त्यांच्याबरोबर तिकडे जाई. चांगल्या हेतूने केलेले कामही अपुऱ्या ज्ञानामुळे असे उलटू शकते.

त्याहून मोठी अडचण लोकांच्या मनातील भीतीची होती. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की, रोग्यास जरूर तर बळाने इस्पितळात नेले जाईल. हा हुकूम ऐकून शहर हादरले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली. ती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही, कारण रोगी तेथे पोचेपर्यंत पुष्कळदा अखेरच्या अवस्थेत असे. लोक रोगी लपवू लागले. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा सरकारी धोरण थोडे नरमले; ज्याची घरी वेगळी व्यवस्था होऊ शकते त्यास बळाने नेऊ नये असे ठरले. हुकूम काढणे सोपे. पण हुकूम कशासाठी आहे हे लोकांस समजावून दिल्यावाचून तो पाळला जात नाही. ही समजूत घालण्यास लोकांच्या ओळखीचा, त्यांच्या जिन्यावर रोज दिसणारा मनुष्य लागतो.

डॉ. व्हिएगस असे मनुष्य होते. साथीच्या ऐन भरात अनेक लोक शहर सोडून जात होते. जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली. आगगाड्यांत व बोटींत पाय ठेवण्यास जागा उरली नाही. मृतांचा आकडा आठवड्याला १,९०० च्या घरात गेला. डॉ. व्हिएगस मात्र शहरातच राहिले. ज्या खोलीत शिरण्यास आप्तही कचरत, तेथे जाऊन ते रोग्याची शुश्रूषा करीत. रोग जडण्याचे भय डॉक्टरास इतरांहून कमी नसते. उलट अधिकच असते.

हाफकीन यांची लस तयार झाल्यावर ती टोचून घेण्यास लोक सहजी पुढे येईनात. सुईने अंगात काहीतरी घालतात, त्याने ताप येतो, ही गोष्टच भयंकर वाटे. लशीविषयी नाना अफवा उठल्या होत्या. अशा वेळी ज्या डॉक्टरावर आपला विश्वास आहे त्यानेच टोचावयास सांगितले म्हणजे मनाचा धीर होतो. सुमारे १८,००० लोकांना डॉ. व्हिएगस यांनी स्वतः लस टोचली, असे त्यांच्या कार्याविषयी नमूद केले जाते. एकेका माणसाशी दोन शब्द बोलून, त्याची शंका फेडून, मग दंडात सुई घालावयाची, असे हे काम. १८,००० हा आकडा लिहिण्यास क्षणही लागत नाही. त्यामागील श्रमांची कल्पना करून पाहावी.

१८९७ साली साथ रोखण्यासाठी सरकारने नवा कायदा केला, आणि मार्च महिन्यात जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली. त्यामुळे प्लेगविषयीचा कारभार बव्हंशी कॉर्पोरेशनच्या हातून गेला. पुण्यात त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे लोक किती संतप्त झाले व रँड या अधिकाऱ्याचा वध कसा झाला, हे आपण इतिहासात वाचतोच. मुंबईतून प्लेग एका वर्षात गेला नाही. तो पुढे अनेक वर्षे हिवाळ्यात परत परत येत राहिला. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ साली ७,७६,००६ इतकी खाली आली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, यावरून संकटाची खोली ध्यानात येते.

या संकटानेच शहराच्या रचनेचा विचार करणे भाग पाडले. १८९८ साली सुधारणेसाठी सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले. नौरोजी हिलचा भागही तिने सुधारणेसाठी हाती घेतला. मात्र पाडलेल्या घरांतील गरिबांची सोय तितक्या वेगाने झाली नाही, आणि त्यांनी दुसरीकडे तशीच गर्दी केली, हेही सांगितले पाहिजे.

डॉ. व्हिएगस यांची नगरसेवा प्लेगपुरती नव्हती. कॉर्पोरेशनमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले. मुलींच्या शिक्षणाचे ते मोठे पुरस्कर्ते होते, आणि मुंबई विद्यापीठाच्या कारभारातही त्यांनी भाग घेतला. १९०६ साली कॉर्पोरेशनने त्यांना आपले अध्यक्ष निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ होत. ज्या सभागृहात दहा वर्षांपूर्वी त्यांची अप्रिय वार्ता ऐकून सभासद चपापले होते, तेथेच ते आता अध्यक्षस्थानी बसले.

१९३३ साली डॉ. व्हिएगस यांचे निधन झाले. मुंबईत काळबादेवीनजीकच्या एका रस्त्यास त्यांचे नाव देण्यात आले. धोबी तलावापाशी, मेट्रो चित्रपटगृहासमोर, त्यांचा पुतळा उभारण्यात आला. प्रिन्सेस स्ट्रीट तेथून फार दूर नाही.