धर्मानंद कोसंबी : एका ज्ञानयात्रिकाचे जीवन

आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण अल्प, उपजीविकेचे साधन नारळीच्या बागा. अशा परिस्थितीत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रविषयक लेख त्यांच्या वाचनात आला आणि मूळ बुद्धवचन जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली. मात्र पाली शिकण्याची सोय त्या काळी महाराष्ट्रात जवळजवळ नव्हतीच. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही कन्या यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. या ज्ञानसाधनेचे मोल त्यांच्या कुटुंबालाही द्यावे लागले, हे विसरता येत नाही.

पुणे व काशी येथे संस्कृताध्ययन करून ते नेपाळात गेले. परंतु तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. पुढे सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले व श्रामणेर दीक्षा घेतली. तेथून ते ब्रह्मदेशात गेले. परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनाचे काम त्यांना मिळाले. तथापि महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य त्यांनी अधिक मोलाचे मानले. मिळविलेली विद्या स्वभाषकांच्या हाती पडावी, हाच त्यामागील हेतू होता.

१९१० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले. संपादनाच्या श्रेयाबाबत प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. तरीही हाती घेतलेले कार्य त्यांनी सोडले नाही. त्यासाठी ते पुनःपुन्हा अमेरिकेस गेले. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये प्रकाशित झाली.

१९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास सोसला. परळच्या कामगारवस्तीत १९३७ मध्ये त्यांनी बहुजन विहार उभारला. बुद्धविचार त्यांच्या दृष्टीने केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय नव्हता, हे त्यावरून दिसते.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांची इतिहासदृष्टी पूर्णपणे प्रकटली आहे. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, ही रूढ कथा त्यांनी अनैतिहासिक ठरविली. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचा संबंध परस्परांविरुद्ध शस्त्रे उगारणाऱ्या समाजातील कलहाशी जोडला. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांच्या विवेचनात महत्त्वाचा ठरतो. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाच्या मुळाशी हाच तंटा आहे.

आयुष्याच्या अखेरीस व्याधिग्रस्त झालेल्या धर्मानंदांनी अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. बुद्धवचनाच्या शोधात ज्याला सिंहलद्वीप गाठावे लागले, त्याच अभ्यासकामुळे पुढच्या पिढ्यांतील मराठी वाचकांना ते आपल्या भाषेत वाचता आले.