नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई टिळक पंढरपूरला राहिल्या

करकंब ज्या तालुक्यात येतं, त्या पंढरपुरात 1895 नंतर एक बाई नातेवाइकांकडे दिवस काढत होती. नवरा जिवंत होता, पण त्याने बाप्तिस्मा घेतला होता.

नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. आणि त्या बाई लक्ष्मीबाई.

माहेरी सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वडील घरात घेत नसत. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा लहरी, घरात पैसा टिकायचा नाही. अक्षरओळख मात्र त्यानेच करून दिली. फेब्रुवारी 1895 मध्ये त्याने धर्म बदलला आणि लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई एकट्या पडल्या.

विश्वास न ठेवणारी बायको राहायला तयार असेल तर तिला सोडू नये, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. पत्रं पाठवत राहिले.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, पण आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. जात माणसानेच केली, हे पुढे त्यांचं त्यांनाच पटलं. कोणाच्याही हातचं पाणी त्या पिऊ लागल्या आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. भांडणं त्यानंतरही थांबली नाहीत!

1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. या संसाराची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून छापून येऊ लागली. 1936 मध्ये त्या वारल्या.