घटक ४ : वगसम्राट दादू इंदुरीकर – जीवन आणि कार्य

४.१ प्रस्तावना

मागील घटकात तुम्ही तमाशाच्या गण, गौळण, बतावणी, वग या अंगांचा परिचय करून घेतला. ही अंगे ज्यांच्या अभिनयात एकरूप झाली, अशा एका कलावंताचे जीवन आपण या घटकात पाहणार आहोत. नाटककाराचे चरित्र वाचताना त्याचे ग्रंथ आपल्या हाताशी असतात. दादू इंदुरीकरांची कीर्ती मात्र ग्रंथांवर उभी नाही. ती उभी आहे रात्रीच्या फडात उच्चारलेल्या आणि उच्चारताच विरून गेलेल्या शब्दांवर. म्हणून हा घटक वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : जे पूर्णपणे कागदावर उतरलेच नाही, त्याचा अभ्यास साहित्याच्या विद्यार्थ्याने कसा करावा?

४.२ गाव आणि नाव

दादू इंदुरीकरांचे मूळ नाव गजानन राघू सरोदे. त्यांचा जन्म १९२८ साली झाला. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील इंदुरी हे त्यांचे गाव. तमाशा कलावंताने गावाचे नाव आडनावासारखे लावावे, ही जुनी रीत आहे. नारायणगावकर, खेडकर ही नावे तुम्ही ऐकली असतील. या रीतीने कलावंताबरोबर त्याचे गावही महाराष्ट्रभर फिरते.

इंदुरीचे स्थान नकाशावर अवश्य पाहा. लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत इंदुरीला येते आणि पुढे देहू, आळंदीकडे जाते. गावात नदीकाठी दाभाडे सरदारांची गढी आहे. भंडारा डोंगर जवळच आहे. एकीकडे सरदारी वैभवाच्या खुणा, दुसरीकडे वारकरी कीर्तन-भजनाचा परिसर, असे हे गाव आहे. शिवाय मुंबई–पुणे लोहमार्ग आणि हमरस्ता बोरघाट चढून लोणावळ्यावरून मावळातच येतात. मुंबईतील लालबागचे हनुमान थिएटर आणि पुण्यातील आर्यभूषण थिएटर ही तमाशाची दोन प्रसिद्ध केंद्रे. मावळ या दोन शहरांच्या मधला प्रदेश. गावची जत्रा आणि शहरातील कामगारवस्ती, हे दोन्ही प्रेक्षक या परिसराला परके नव्हते.

४.३ काळाची पार्श्वभूमी

दादूंचे तरुणपण तमाशाच्या पडत्या काळाशी जुळते. अश्लीलतेच्या आरोपावरून स्वातंत्र्याच्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणा सुचविण्यासाठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहितेच्या तपासणीच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. येथे एक विसंगती लक्षात घ्या. ज्या कलेचा प्राण उत्स्फूर्त संवादात, तिला आता लिहिलेली संहिता आधी दाखवावी लागणार होती. ज्यांचे पोट या कलेवर होते, त्यांच्यासाठी हा प्रश्न अभिरुचीचा नव्हता, उदरनिर्वाहाचा होता.

याच काळात लोकनाट्य हे नाव रूढ झाले. व्यंकटेश माडगूळकर, पु. ल. देशपांडे, वसंत सबनीस अशा लेखकांनी तमाशाचा बाज घेऊन लेखन केले. सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ तुम्हाला परिचित असेल. हा प्रवास लेखकाच्या टेबलावरून रंगमंचाकडे होता. दादू इंदुरीकर उलट दिशेने आले : फडातून नाट्यगृहाकडे.

४.४ ‘गाढवाचं लग्न’

दादूंचे नाव ज्या वगाशी कायमचे जोडले गेले, तो हरिभाऊ वडगावकरांचा ‘गाढवाचं लग्न’. त्यातील सावळ्या कुंभार ही दादूंची गाजलेली भूमिका. गंगीच्या भूमिकेत प्रभा शिवणेकर असत.

कथेचे मूळ जुने आहे. शापामुळे गाढव झालेल्या गंधर्वाची आणि त्याच्याशी विवाह झालेल्या राजकन्येची कथा विक्रमादित्याच्या आख्यायिकांत येते. इंद्राचा दरबार, शाप, राजाने घातलेली अवघड अट, विवाह आणि उःशाप, ही सारी सामग्री गंभीर, भावनोत्कट संगीत नाटकाला साजेशी आहे. वगाने ती तशीच ठेवली आणि तिच्या मध्यभागी एक कुंभार व त्याची बायको आणून बसवली. बोलणारे गाढव राजकन्येला मागणी घालते आणि ती मागणी घेऊन राजदरबारी जाण्याची पाळी सावळ्यावर येते.

विडंबन नेमके कसे घडते, ते पाहा. कथानक बदललेले नाही. बदलली आहे ती बोली. दरबारी थाटाच्या भाषेला सावळ्या आपल्या रोजच्या बोलीत उत्तर देतो आणि त्या उत्तरासमोर थाट पोकळ दिसू लागतो. सावळ्या राजाचा अपमान करीत नाही. तो फक्त राजाचे बोलणे शब्दशः खरे धरतो. राजाने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, एवढेच त्याला कळते. भोळेपणा हेच येथे विनोदाचे शस्त्र ठरते. एरवी दरबारात ज्याला उभेही केले जाणार नाही, असा माणूस वगाच्या रात्री राजाशी व्याह्यासारखा बोलतो. तमाशाच्या कलावंतांत आणि प्रेक्षकांतही ज्यांना समाजाने खाली बसवले, अशांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने या हसण्याचे मोल वेगळे होते.

४.५ अभिनय, सन्मान आणि वारसा

तमाशातील सोंगाड्या संहिता पाठ म्हणत नाही. समोरचा प्रेक्षक, गावातील ताजी घटना, सहकलावंताचा चुकलेला शब्द, यांतून तो संवाद घडवतो. दादूंच्या ठिकाणी ही हजरजबाबी वृत्ती आणि थांबण्याची अचूक जाण एकत्र आली होती. वगसम्राट ही उपाधी त्यांना रसिकांनी दिली. १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या कलेवर काही दशकांपूर्वी बंदी आली होती, तिच्या सोंगाड्याचा हा राष्ट्रीय पातळीवरील गौरव होता. १९८० साली त्यांचे निधन झाले.

पुढे प्रकाश इनामदारांनी सावळ्याची भूमिका गाजवली आणि या कथेवर मकरंद अनासपुरे यांचा चित्रपटही आला. वग टिकला, प्रत्येक नटाचा सावळ्या मात्र वेगळा झाला. प्रस्तावनेतील प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. छापील वग हा आराखडा आहे. पूर्ण कलाकृती प्रयोगात घडते. म्हणून वगाचे वाचन करताना रिकाम्या जागाही वाचायला शिका : नट कोठे थांबला असेल, कोणाकडे वळला असेल, प्रेक्षक कोठे हसले असतील.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘गाढवाचं लग्न’मधील विडंबन कथानकापेक्षा बोलीतून कसे घडते, ते स्पष्ट करा.
२. संहितेची तपासणी आणि उत्स्फूर्त संवाद यांतील विरोध तुमच्या शब्दांत मांडा.
३. तुमच्या घरातील किंवा गावातील ज्येष्ठ व्यक्तींनी पाहिलेल्या एखाद्या वगाची माहिती विचारा आणि त्यांना आठवणारा सोंगाड्या दहा ओळींत लिहून काढा. त्यांच्याबरोबर ही आठवणही जाईल. हे टिपण तिचा एकमेव लेखी पुरावा ठरू शकते.